मेणाचा सांधा

आमच्या कारखान्यात एसी फक्त एकाच खोलीला आहे, आणि ती मालकाची केबिन नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली ही साधी पत्र्याची शेड. एका बाजूला खोकी छापणारे, दुसऱ्या बाजूला लिफ्टचे सुटे भाग बनवणारे. आत आलात की भट्टीची धग अंगावर येते, शर्ट पाठीला चिकटतो. पण उजव्या हाताचं काचेचं दार ढकललं की एकदम गारवा. ती वॅक्स रूम. तिथला एसी माणसांसाठी नाही, मेणासाठी आहे. जरा उकडलं की मेण वाकतं, जरा जास्त गार झालं की आखडतं, आणि दोन्ही वेळा भाग वाया जातो.

शकु तायडेने अर्धं आयुष्य या खोलीत काढलं. मी सिद्धेश, इथे तपासणीत आहे. तयार झालेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावरून जातो. त्यामुळे कोणाचा हात कसा आहे हे मला आधी भागांवरून कळतं, माणसं मागाहून कळतात. शकुताई मला तशीच कळली.

ती मूळची मेहकरकडची. लग्न होऊन मुंबईत आली. नवरा शिवदास महापालिकेच्या बागेत माळी, आणि पाइपलाइनजवळच्या वस्तीत एक खोली. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने काम शोधलं. आधी एका गाळ्यात टिकल्यांची पाकिटं भरली, मग दुसरीकडे वायरींना टोकं बसवली. मग विहारात भेटणाऱ्या एका बाईने सांगितलं, "अगं, एक कारखाना आहे. तिथे बायका एसीत बसून मेण चिकटवतात." शिवदासला ते खरंच वाटेना. घरी दोघं अजून वऱ्हाडीतच बोलतात. "एसीत? बायकाईले? काऊन?" असं त्याने विचारलं, आणि पहिल्या दिवशी बागेतली ड्यूटी संपल्यावर कारखान्यात आला, काचेतून आत बघितलं, आणि बायको स्वेटर घालून बसलेली दिसली तेव्हा हसत घरी गेला.

सुरुवातीला तिला एवढंच काम होतं, की साच्यातून निघालेल्या मेणाच्या भागांवरची शिवण खरवडून साफ करायची. साच्याची दोन अंगं जिथे मिळतात तिथे मेणावर केसाएवढी रेघ उठते, ती काढायची. हे भाग पुढे कुठे जातात, कशाला लागतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं शोभेच्या वस्तू असतील. एक दिवस तिने सुबोध सरांना विचारलं. सुबोध सर म्हणजे आमचे मालक. तेव्हा वडिलांच्या हातून त्यांनी नुकताच कारखाना घेतला होता आणि दिवसभर शेडमध्येच असायचे.

"सर, हे मेणाचं घेतं कोण?"

"कोणीच नाही. हे आपण वितळवून टाकतो."

"मग मी साफ कशाला करते?"

सरांनी तिला बरोबर घेतलं आणि सगळा कारखाना दाखवला. मेणाचे भाग एका जाड मेणाच्या दांड्याला फांद्यांसारखे चिकटवतात, त्याला आम्ही झाड म्हणतो. ते झाड पिठल्यासारख्या दाट चिनी मातीच्या घोळात बुडवायचं, वर बारीक वाळू पाडायची, वाळवायचं. परत घोळ, परत वाळू. असे थर चढत चढत झाडाभोवती कवच तयार होतं. मग ते वाफेच्या टाकीत उलटं ठेवलं की आतलं मेण वितळून वाहून जातं आणि पोकळ कवच उरतं. ते भट्टीत लाल होईपर्यंत भाजायचं आणि तसंच तापलेलं असताना त्यात वितळलेलं स्टील ओतायचं. गार झालं की कवच फोडायचं. आत जे निघतं ते हुबेहूब मेणासारखं, फक्त पोलादाचं. जे वेडेवाकडे, आतून पोकळ, पातळ पात्यांचे भाग यंत्रावर कापून होत नाहीत, ते असे होतात.

त्या दिवशी ओतकाम चालू होतं. शकुताई लांब उभी राहून बघत होती. लाल कवचात पांढरंशुभ्र स्टील उतरलं, ठिणग्या उडाल्या, आणि तिने सरांना विचारलं, "म्हणजे माझ्या हातून मेणावर ओरखडा राहिला, तर तो लोखंडावर राहणार?"

"राहणार."

"मग आधी सांगायचं ना!"

ती तडक वॅक्स रूममध्ये गेली आणि सकाळपासून साफ करून ठेवलेले सगळे भाग परत टेबलावर ओढले. सुबोध सर ही गोष्ट अजून सांगतात. म्हणतात, कामगार घेताना मी तेव्हापासून एकच बघतो, काम दाखवल्यावर माणूस काय विचारतो.

काही वर्षांत ती सांधे जोडायला बसली. वॅक्स रूममधलं सगळ्यात नाजूक काम ते. गरम सुरीचं पातं दोन मेणांच्या मधे धरायचं, दोन्ही पृष्ठं ओली झाली की सुरी अलगद ओढून घ्यायची आणि त्याच क्षणी भाग दाबायचे. मग सुरीच्या टोकाने सांध्याभोवती मेण फिरवून कड बंद करायची. लांबून सोपं दिसतं. पण त्यात नखाएवढी जरी फट राहिली, तर मातीचा घोळ त्या फटीत शिरतो. आत मातीचा पातळ पापुद्रा तयार होतो. पुढे स्टील धावत आलं की तो पापुद्रा मोडतो आणि धातूच्या पोटात जाऊन बसतो. वरून भाग चकचकीत, आत खडा. पंपात असा भाग गेला की कधीतरी तिथूनच तडकतो.

शकुताईच्या सांध्यात खडा मी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे भागाला लाल द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. कुठे फट असली किंवा खडा वरपर्यंत आला असला की तिथे लाल ठिपका उमटतो. तिच्या झाडांवरचे भाग पांढरेच राहायचे. काम करताना ती बोलायची नाही, हातात बांगड्या घालायची नाही, आणि सांधा झाला की अंगठ्याचं नख त्यावरून फिरवायची. नख अडलं की सुरी परत हातात. तिच्या टेबलाला मालन बसायची. मालन सोलापूरकडची, मोकळी, कामाला चटपटीत, सारखी काहीतरी गुणगुणणारी. सांधे तीही जोडायची, चांगले जोडायची, पण शकुताईसारखे नाहीत हे तिलाही माहीत होतं. "अगं, सुरी काढताना तू नेमकं करतेस काय ते सांग की," असं ती कितीदा म्हणायची. शकुताईचं उत्तर ठरलेलं. "बघून शीक. मी पण बघूनच शिकले." यात थोडा तोरा होता. आपल्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही याचं तिला सुख होतं, आणि ते ती लपवत नसे.

गणपतीला मी गावी मालवणला जाऊन आलो, त्यानंतर लाल ठिपके दिसायला लागले. आधी एखाददुसरा. मग बऱ्याच झाडांत एक तरी. खडा नेहमी सांध्याच्या जागीच. मी सुबोध सरांना नेऊन दाखवले. त्यांनी घोळ तपासला, वाळू तपासली, भट्टी बघितली. तिकडे काही सापडेना. शेवटी ते वॅक्स रूममध्ये गेले. ठिपके येणाऱ्या भागांचे सांधे एकाच टेबलावर होत होते आणि दोघींची झाडं एकाच घोडीवर टांगलेली असायची. त्यामुळे कुठलं कोणाचं हे सांगता येत नव्हतं. पण शकु आणि मालन या दोन नावांत संशय कोणावर जाणार हे उघड होतं.

"मालन, तुझं लक्ष कुठे असतं?" सर म्हणाले. "उद्यापासून काही दिवस तू घोळाच्या खात्यात जा."

"सर, माझं काम बघा तरी आधी! मी काय आज आलेय का?"

"बघितलं म्हणूनच सांगतोय."

घोळाचं खातं म्हणजे जड झाडं उचलायची, वाळूची धूळ, दिवसभर उभं राहायचं. मालनने मदतीसाठी शकुताईकडे बघितलं. शकुताई मान खाली घालून मेण खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीजवळ सरांना नाकारलेले भाग दाखवत होतो. शकुताई तिथे आली. वॅक्स रूमची बाई सकाळच्या वेळी भट्टीकडे येत नाही, त्यामुळे आम्ही दोघंही थांबलो. तिच्या हातात सुरी होती, गार.

"सर, ते सांधे मालनचे नाहीत. माझे आहेत."

सर हसले. "शकुताई, तिला वाचवायला जाऊ नका. मला ठाऊक आहे तुमचं काम."

"बघा मग."

तिने हात पुढे केला. बाजूला होता तोवर हात शांत होता. सुरी धरून पुढे आला आणि टोक थरथरायला लागलं. थोडंसंच, पण थांबेना. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी सुरीचं टोक हलतच होतं. आम्ही दोघं त्या टोकाकडे बघत राहिलो.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आधी वाटलं चहाने होतंय, चहा सोडला. मग वाटलं झोप नाही. सकाळी कमी असायचं, म्हणून अवघड सांधे सकाळीच उरकायची. आता सकाळी पण होतं." ती थांबली. "काल बोलायला पाहिजे होतं. तोंडच उघडलं नाही. रात्रभर मालनचा चेहरा समोर येत होता."

ती गप्प राहिली असती तर बराच काळ कोणाला कळलं नसतं. मेणाच्या झाडाचं पोलाद होऊन माझ्या टेबलावर यायला आठवडा-दहा दिवस सहज जातात. तोवर सगळे मालनलाच बोल लावत राहिले असते. शकुताईलाही हे माहीत होतं. म्हणून तिचं ते सकाळी भट्टीपाशी येणं मला फार मोठं वाटतं. ज्या एका गोष्टीमुळे कारखान्यात तिला मान होता, तीच तिने स्वतःहून आमच्यापुढे उघडी केली.

सरांनी मालनला तिथेच बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. मालन वाळूने माखलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. ती सरळ शकुताईकडे वळली.

"तुला उन्हाळ्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि काल मला घालवलं तेव्हा तू मेण खरवडत बसलीस?"

"हो गं."

"बरं झालं, कळलं," म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली. त्यानंतर दोघी एकाच टेबलावर बसायच्या, पण मालन तिच्याशी अवाक्षर बोलायची नाही. गुणगुणणंही बंद.

शकुताईची खरी भीती वेगळीच होती. तिच्या वडिलांचे हात असेच थरथरायचे. गावात कोणी पाण्याचा पेला दिला तर अर्धं पाणी सांडायचं. लोक म्हणायचे, म्हातारा पितो. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण लोकांना किती जणांना सांगणार? ते शेवटी शेवटी चारचौघांत पाणीच प्यायचे नाहीत. हे तिने घरी शिवदासला सांगितलं तेव्हा तो चिडला.

"एवढे दिवस मले काऊन सांगितलं नाही?"

"तुमाले सांगून काय हात थांबणार होता?"

"न थांबो. दवाखान्यात तं गेलो असतो!"

त्याने रजा टाकली आणि तिला सरकारी इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिला कागदावर गोल काढायला लावले, पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं, चालवून बघितलं. मग म्हणाल्या, हा घराण्यातून येणारा कंप आहे. हात काही करायला गेला की होतो, मांडीवर ठेवला की थांबतो. याने जिवाला धोका नाही. गोळीने कमी होईल, पूर्ण जाणार नाही. शकुताईने विचारलं, "म्हणजे माझ्या बापाला पण हेच होतं?" त्या म्हणाल्या, बहुतेक हेच. बाहेर बाकड्यावर बसून ती खूप वेळ रडली. शिवदासला वाटलं आजाराला घाबरली. ती बापासाठी रडत होती.

गोळी चालू झाली, फरकही पडला, पण सुरी पहिल्यासारखी स्थिर होईना. सुबोध सरांनी तिला सांगितलं, "तुम्ही आता नुसतं बघायला बसा. खोलीची देखरेख करा." तिने मान डोलावली. दोन दिवस खुर्चीवर बसली आणि तिसऱ्या दिवशी परत शिवणी खरवडायला लागली. अगदी पहिल्या दिवशी जे काम केलं होतं ते. मी म्हटलं, "शकुताई, हे काय?" तर म्हणाली, "अरे, बसून नुसतं बघत राहायला मला काय पेन्शन लागली का? खरवडायला हात हलला तरी चालतो."

अशातच जहाजाच्या कामाची मागणी आली. जहाजावर आग विझवायला मोठे पंप असतात. त्यातल्या एका पंपाचं आतलं कडं आम्हाला करायचं होतं. दोन गोल कडी, एकात एक, आणि मधे चहूकडून वाकवलेली पातळ पाती. पाती एकमेकांवर अशी झुकलेली, की अख्खं कडं एका साच्यात मेणाचं करायचं म्हटलं तर साचा उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक पातं मेणात वेगळं काढायचं आणि हाताने कड्यात बसवायचं. म्हणजे एका भागात सांधेच सांधे, आणि दोन पात्यांमधे जेमतेम सुरी जाईल एवढी जागा. पाती जरा इकडेतिकडे झाली तर पाण्याची वाट बदलते. सुबोध सरांनी नकाशा वॅक्स रूमच्या टेबलावर पसरला तेव्हा सगळ्या बायकांनी शकुताईकडे बघितलं. अशी कामं आजवर शकुताईने केलेली होती.

मालनने पहिलं कडं करायला घेतलं. अर्ध्यावर आल्यावर आधी बसवलेली पाती सुरीच्या उष्णतेने कलली. दुसरं कडं, तेच. तिसऱ्या वेळी तिने सुरी खाली ठेवली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शकुताईशी बोलली.

"माझा राग गेलेला नाही. हे आधी सांगते."

"नसू दे गेलेला."

"पण हे मला एकटीला जमत नाही. तू सुरी काढताना काय करतेस ते आज सांगणार आहेस, की अजून बघूनच शिकू?"

शकुताईने खुर्ची ओढली. नंतर मला तिने सांगितलं, की आपण काय करतो हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. ती मालनच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि एकेक गोष्ट आठवून शब्दांत मांडायला लागली. सुरी वर उचलायची नाही, बाजूला सरकवायची, पान उलटताना बोट सरकतं तशी. दाबताना श्वास सोडायचा. शेजारशेजारची पाती लागोपाठ लावायची नाहीत, एक इथे लावलं की पुढचं समोरच्या बाजूला, तोवर पहिलं गार होतं. मालन ऐकायची आणि लगेच करून बघायची. चुकलं की शकुताई "नाय, नाय, असं नाय" म्हणत स्वतःचा थरथरता हात पुढे करायची आणि अर्ध्यावरच मागे घ्यायची.

अडचण उरली ती कोनाची. समोरच्या बाजूचं पातं लावायला मालनला दर वेळी हात लांब करून वाकावं लागायचं, आणि लांब केलेला हात कोणाचाही हलतो. ते बघत असताना शकुताईच्या लक्षात एक गोष्ट आली. तिचा स्वतःचा कंपही हात अधांतरी असला की जास्त व्हायचा. कोपर आणि मनगट टेकलेलं असलं की बराच कमी. घरी भाकरी थापताना तो जवळजवळ नसायचाच, कारण हात परातीवर टेकलेला आणि फिरायची ती भाकरी.

"मालन, आपण हात नेतो कामाकडे. काम हाताकडे आणलं तर?"

संध्याकाळी तिने शिवदासला सांगितलं, मला फिरणारं काहीतरी करून द्या, पण फिरताना डुगडुगायला नको. बागेच्या कचेरीत एक मोडकी फिरती खुर्ची पडून होती. शिवदासने साहेबांना विचारून तिचा खालचा फिरता भाग सोडवून आणला, त्यावर लाकडी पाट बसवला. पहिला पाट वाकडा बसला आणि कडं फिरताना हेलकावे खायला लागलं. मालन हसली. मग आमच्या कारखान्यातल्या साचे करणाऱ्यांनी तो नीट समपातळीत आणून दिला, पात्यांचा कोन धरायला छोट्या खाचा असलेली अॅल्युमिनियमची चकती केली, आणि टेबलाच्या कडेला कोपर टेकायला उशी लावली. आता हात एकाच जागी टेकलेला, आणि प्रत्येक पातं फिरून हातासमोर येणार.

पहिलं पूर्ण कडं त्या पाटावर झालं तेव्हा मी काचेतून बघत होतो. मालन सुरी चालवत होती. शकुताई पाट फिरवत होती, पातं खाचेत बसवत होती, मधेच "थांब, ओलं आहे अजून" म्हणत होती. शेवटी तिने उशीवर मनगट टेकवलं आणि मालनकडे सुरी मागितली. एक सांधा तिने स्वतः केला. टोक हललं, पण थोडंच. तिने नख फिरवलं. मग मालनने त्याच सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाली, "जरा खरबरीत आहे." शकुताईने तो सांधा पुन्हा केला.

ते मेणाचं कडं घोळात गेलं, वाळूत गेलं, वाफेत गेलं. पहिल्या कवचाला भाजताना तडा गेला. त्यात सांध्यांचा दोष नव्हता, पण वॅक्स रूममध्ये त्या दिवशी कोणी डबा धड खाल्ला नाही. दुसरं कवच टिकलं. ओतकामाच्या दिवशी दोघी स्वेटरसकट भट्टीच्या शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. स्टील आत गेलं. गार झाल्यावर कवच फोडलं, वाळूचा मारा करून कडं साफ झालं, आणि माझ्या टेबलावर आलं. माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली होती. मी लाल द्रव लावला, पुसला, पांढरी भुकटी मारली आणि वाट बघत राहिलो. एकेका पात्याचं मूळ भिंग लावून बघितलं. सगळं पांढरं होतं. मोजमाप घेतलं, पाती जिथे हवी तिथे होती.

"काय रे, बोल की!" मालन ओरडली.

"पास आहे," मी म्हटलं.

मालनने शकुताईला मिठी मारली आणि मग एकदम आठवल्यासारखी बाजूला झाली. पण दुपारी दोघी एकाच डब्यातलं पिठलं खाताना दिसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून वॅक्स रूममध्ये गुणगुणणं परत चालू झालं.

ती कडी आम्ही अजून करतो. कुठल्या कुठल्या जहाजांवर ती फिरत असतील, आम्हाला माहीत नाही. फिरता पाट आता प्रत्येक टेबलाला आहे, चांगल्या बनावटीचा. नवीन बायकांना सांधे शकुताई शिकवते. बघून शीक असं ती कोणालाच म्हणत नाही. शब्द सापडेपर्यंत त्याच त्याच गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने सांगते. हात हलतो हे ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "हे असं आहे, याला गोळी चालू आहे, तुम्ही माझ्या हाताकडे नाही, मेणाकडे बघा." पाणी पेल्यातून न पिता झाकणाच्या बाटलीतून पिते, चारचौघांत, आरामात. सुरीवर आता मालनचा हात तिच्यापेक्षा चांगला आहे, आणि हे कारखान्यात सगळ्यात आधी शकुताईच सांगते. सांगताना तिच्या तोंडावर तो जुना तोरा पुन्हा दिसतो, फक्त आता मालनच्या नावाने.

कामाची ओढ मात्र तीच. गेल्या महिन्यात एका नव्या भागाचा साचा आला, आतून नागमोडी वाटा असलेला. दुपारच्या सुट्टीत मी वॅक्स रूममध्ये डोकावलो, तर बाकीच्या जेवत होत्या आणि शकुताई बॅटरी लावून साच्यात बघत होती.

"सिद्धेश, इकडे ये रे," ती म्हणाली. "मला सांग, हा उघडतो कुठून?"

मलाही कळत नव्हतं. मी खुर्ची घेतली आणि आम्ही दोघं साचा उलटासुलटा करत बसलो.